काँट्रॅक्टरने ६ लाख ८६ हजारांचं ‘एक्स्ट्रा’ बिल दिलंय आणि माणसं उठवली आहेत. काय करू?

कृष्णाकाठी | ८ नोव्हेंबर २०२५, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होतो, पहिला धागा असा रडका काढावा लागतोय.

मी पुण्यात नोकरीला. मिरजेत अडीच गुंठ्यांच्या प्लॉटवर आई-आण्णांसाठी घर बांधतोय. खाली-वर मिळून १४५० चौरस फूट. मटेरियलसकट १९५० रुपये फुटाने काम दिलं, म्हणजे २८ लाख २७ हजार ५००. करार म्हणाल तर काँट्रॅक्टरच्या लेटरहेडवर दोन पानी कोटेशन, खाली दोघांच्या सह्या. जानेवारीत पाया खणला, पावसाच्या आत वरचा स्लॅब टाकून झाला, गिलावा दिवाळीआधी संपला. आतापर्यंत २२ लाख दिलेत. फरशी, दारं-खिडक्या, रंग आणि नळाचं काम बाकी आहे.

भाऊबीज झाली तरी माणसं परत आली नाहीत. फोन केला तर म्हणाले, “साहेब, एक्स्ट्राचं काय ते मिटवा, मग फरशीला हात लावतो.” आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एक कागद आला. पाया जादा खोल गेला, १,६०,०००. जोत्यात मुरूम ३२ ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट), २,६०० ने ८३,२००. एरिया १६८ फूट वाढला, ३,२७,६००. लाइटचे ३१ पॉइंट जादा, २७,९००. देवघर, माळे आणि ओट्याचं ग्रॅनाइट (हे आईने सांगितलेलं), ३८,०००. सिमेंट-स्टीलची भाववाढ, ५०,०००. एकूण ६,८६,७००.

मुरमाचंच घ्या. २०१९ च्या महापुरात आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत पाणी आलं होतं, म्हणून आण्णांनी जोतं दोन फुटांचं साडेतीन करायला सांगितलं, हे मला मान्य. पण खालचं घर ७२५ फुटांचं. ७२५ गुणिले दीड म्हणजे १०८७ घनफूट, अकरा ब्रास. ३२ ब्रास आला कुठून? ही सरळ सरळ चोरी आहे.

मामा म्हणतात, “निम्मे देऊन मोकळा हो, घर बांधताना कुणाचं चुकलंय?” मित्र म्हणतो ४२० लाव. आई-आण्णा साडेसात हजार भाड्याच्या दोन खोल्यांत आहेत. बँकेचा पुढचा हप्ता काम पुढे सरकल्याशिवाय सुटत नाही. डोकं चालेनासं झालंय.

*

कडप्पा | ८ नोव्हेंबर, रात्री ११.०५

घर पाहावं बांधून… बाकीचं तुम्हाला माहीतच आहे.

एकच सांगतो, रागाच्या भरात दुसरा काँट्रॅक्टर आणू नका. दुसऱ्याचं अर्धवट काम हातात घेणारा पहिल्याच्या नावाने बोटं मोडत दीडपट घेतो आणि पुढे काहीही गळलं तरी ‘ते आधीच्याचं’ म्हणून हात वर करतो. स्वानुभव.

*

मोजपट्टी | ९ नोव्हेंबर, सकाळी ६.१५

मी सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला अभियंता. हयातभर ठेकेदारांची बिलं तपासली, त्यामुळे तुमचा कागद वाचून करमणूक झाली. राग मानू नका.

पहिलं काम, ती बेरीज झाकून ठेवा. ६,८६,७०० या आकड्याशी भांडता येत नाही, म्हणून तर तुमचे मामा निम्म्यावर आलेत. एकेक ओळ घ्या आणि तीनच प्रश्न विचारा. हे काम जमिनीने वाढवलं, की तुमच्या घरातल्या कुणी सांगितलं, की ते मूळ कामातच होतं? पहिल्या दोन्हींचे पैसे द्यावे लागतात, तिसऱ्याचे नाही. मग फक्त किती द्यायचे एवढंच उरतं आणि त्याला टेप लागतो, वकील नाही.

आता मला पुढची माहिती द्या. पायाबद्दल कोटेशनमध्ये नेमके शब्द काय आहेत? ‘५ फूट’ की ‘५ फूट किंवा कठीण मुरूम लागेपर्यंत’? या चार शब्दांवर १,६०,००० उभे आहेत. आरसीसीवाल्याने, म्हणजे पाया-कॉलमचं डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरने, मध्ये सुधारित ड्रॉइंग दिलं का? क्षेत्रफळ मोजण्याची पद्धत कुठे लिहिली आहे का? पोर्च १४५० मध्ये धरलाय का? आणि भाववाढीचं कलम?

मुरमाचा तुमचा हिशेब अर्धा बरोबर आहे. अकरा ब्रास ही धुमस केलेल्या, म्हणजे ठोकून दाबलेल्या, भरावाची मोजणी. ट्रॉलीतून येतो तो सैल मुरूम, पाणी मारून धुमस केली की बसतो. अकरासाठी चौदा तरी आणावे लागतात. तरीही ३२ होत नाहीत हे खरं.

*

कृष्णाकाठी | ९ नोव्हेंबर, दुपारी १.२०

मोजपट्टी काका, खूप आभार. कोटेशनमध्ये फक्त “पाया ५ फूट” आहे. प्रत्यक्षात आठ फुटांवर मुरूम लागला, ते मी स्वतः पाहिलंय. क्षेत्रफळाबद्दल “बांधकाम १४५० चौ. फूट नकाशाप्रमाणे” एवढंच. नकाशात पोर्च काढलेला आहे, पण कोपऱ्यातल्या क्षेत्रफळाच्या तक्त्यात तो नाही. भाववाढीचा शब्दही नाही. सुधारित ड्रॉइंगचं विचारतो.

*

सेंट्रिंगवाला | ९ नोव्हेंबर, रात्री ९.३०

आमची बाजू पण ऐका की राव जरा. मी कोल्हापूर भागात कामं घेतो.

३२ ब्रासला चोरी म्हणायच्या आधी एक सांगा. जोत्याच्या आतली काळी माती काढली का तशीच ठेवली? कृष्णेकाठची माती आहे ती. पावसात फुगणार, उन्हाळ्यात हातभर भेगा पडणार. तिच्यावर मुरूम टाकून फरशी केली की दोन वर्षांत फरशी उचलतेय. शहाणा माणूस दीड-दोन फूट काळी उचलून बाहेर टाकतो आणि तिथं मुरूम भरतो. ७२५ फुटांत दीड फूट काढली तर तेवढाच खड्डा परत भरायला लागला. म्हणजे चौदा आणि चौदा अठ्ठावीस. मग राहतंय काय, चार ब्रास.

त्या माणसानं काढलीच नसेल तर चोर म्हणा, मी पण म्हणतो. पण काढली असेल आणि सांगितलं नसेल, तर तो चोर नाही, आमच्यासारखाच गाढव आहे. कामाच्या वेळी बोलत नाही, शेवटी कागद काढतो.

आणि हे पण बघा. सेंट्रिंगच्या फळ्या-टेकूंचं भाडं रोज चढतंय. सिमेंट, सळई दुकानातून उधारीवर. बिगारी विजापूरकडचे, सणाला गावी जाताना उचल घेऊन जातात, परत येतील तेव्हा खरे. मालक म्हणतो बँकेचा हप्ता सुटला की देतो. आमचा पैसा पुढं, बँकेचा मागं.

*

मस्कतचा_पाहुणा | १० नोव्हेंबर, सकाळी ८.१०

सेंट्रिंगवाले, तुमच्यासारखा एक आमच्या नाशिकच्या कामावर मिळाला असता तर! मी इथे मस्कतमध्ये बसून फोटोवर हप्ते सोडत होतो. एकदा आलेल्या फोटोत भिंतीला टेकलेली सायकल मागच्या महिन्याच्याच फोटोतली निघाली. तीच भिंत, तोच कोन. दुसऱ्यांदा पैसे दिले होते मी त्या भिंतीचे.

*

कृष्णाकाठी | १० नोव्हेंबर, रात्री १०.५५

काल रात्री आण्णांना फोन केला. “आतली काळी माती काढली होती काय हो?” तर म्हणाले, “काढली की. दोन दिवस जेसीबी लावला होता. फोटो आहेत माझ्याकडं.” आण्णांच्या फोनमध्ये फेब्रुवारीचे एकोणीस फोटो! एकात ते स्वतः आतल्या खड्ड्यात उभे, माती मांडीच्या वर. आण्णा साडेपाच फुटांचे, म्हणजे दीड फूट नक्कीच गेलीय.

“मला का नाही पाठवले?” विचारलं तर म्हणाले, “तू मीटिंगमध्ये असतोस.”

‘चोरी’ हा शब्द मागे घेतो. सेंट्रिंगवाले, तुमचे आभार आणि त्या माणसाची मनातल्या मनात माफी.

वाईट बातमीसुद्धा आहे. आण्णा निवृत्त शिक्षक. काँट्रॅक्टर त्यांना गुरुजी म्हणतो. “गुरुजी, जरा सही करा, हिशोबाला बरं” असं म्हणून त्याने डायरीत पाच-सहा ठिकाणी सह्या घेतल्यात. कशावर, हे आण्णांना धड आठवत नाही. आता संपलंच ना सगळं?

*

काळा_डगला | ११ नोव्हेंबर, सकाळी ११.००

काही संपलेलं नाही. सहीचा अर्थ ती कोणत्या मजकुराखाली आहे त्यावर ठरतो. “मुरूम ८ ट्रॉली आल्या” याखाली सही असेल तर ती ट्रॉली पाहिल्याची सही आहे, दर मान्य केल्याची नाही. डायरीच्या त्या पानांचे फोटो आधी मागा. तो देत नसेल तर तेही बोलकं आहे.

मित्राला सांगा की ४२० गेलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, तिथे फसवणूक कलम ३१८ मध्ये. पण निम्म्याच्या वर बांधून उभं केलेल्या घरात, जादा कामाच्या पैशांवरून वाद असताना, पोलीस ‘दिवाणी मामला’ म्हणून परत पाठवतील आणि ते चुकीचं ठरणार नाही.

महारेराही इथे नाही. ते बिल्डर जे विकतो त्याच्यासाठी. तुम्ही स्वतःच्या जागेवर ठेकेदाराकडून बांधून घेताय. तुमचा रस्ता ग्राहक आयोगाचा. २०१९ च्या कायद्यात सेवेच्या व्याख्येत घरबांधणीचा स्पष्ट उल्लेख आहे. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. तुम्ही २२ लाख दिलेत, म्हणजे फी १,००० रुपये. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही दावा लावता येतो, म्हणजे पुण्यात. मुदत दोन वर्षांची.

आता कडू गोळी. ‘लेखी नाही म्हणून देणार नाही’ हा पवित्रा घेऊ नका. करार कायद्याचं ७० वं कलम असं आहे की, दुसऱ्याने फुकट करायच्या हेतूने न केलेलं काम तुम्ही स्वीकारलंत आणि त्याचा फायदा घेतलात, तर त्याचा मोबदला द्यावा लागतो. तुमच्या आईंनी देवघर सांगितलं, त्यात देव बसणार आहेत. ते ३८,००० द्या.

भाववाढीचे ५० हजार मात्र निव्वळ हवेतले. ठरलेल्या दराच्या करारात कलम नसताना भाववाढ मागता येत नाही. आणि त्यांना एवढं विचाराच की, २२ सप्टेंबरपासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, तेव्हा तुम्ही माझं बिल किती कमी केलंत?

*

कडप्पा | ११ नोव्हेंबर, सकाळी ११.२५

शेवटच्या वाक्याला टाळ्या.

*

नवी_चौकट | ११ नोव्हेंबर, दुपारी ३.४०

धाग्याचा विषय थोडा वळवतेय, माफ करा. आमचं काम मजुरीवर आहे, मटेरियल आमचं. गिलाव्याचा गवंडी दारं-खिडक्यांची जागासुद्धा मोजतोय. म्हणतो, “कडा करायला जास्त वेळ लागतो ताई.” हे बरोबर आहे का?

*

मोजपट्टी | ११ नोव्हेंबर, सायंकाळी ५.५०

त्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. त्यासाठी आयएस १२०० हे मोजमापाचं मानक आहे. अर्धा चौरस मीटरपर्यंतचं भोक, म्हणजे साधारण साडेपाच चौरस फूट, वजा करायचंच नाही. अर्ध्यापासून तीन चौरस मीटरपर्यंत एकाच बाजूने वजा करायचं, कडांचे पैसे वेगळे नाहीत, कारण दुसरी बाजू सोडलीय ती त्यासाठीच. तीन चौरस मीटरच्या वर दोन्ही बाजू वजा आणि कडा मोजून द्यायच्या. तुमचा तीन बाय सातचा दरवाजा आणि चार बाय चारची खिडकी दोन्ही मधल्या गटात बसतात. आतून-बाहेरून गिलावा असेल तर एक बाजू वजा करा, विषय संपला. गवंडी बहुधा दोन्ही बाजू मोजत असणार.

आणि निव्वळ मजुरीचं काम, तेही स्वतःच्या स्वतंत्र घराचं असेल, तर त्या मजुरीवर जीएसटी लागत नाही. कुणी लावला तर विचारा.

कृष्णाकाठी, पायाचं ढोबळ गणित देतो. बारा कॉलम, ९ बाय १५ इंची, ३ फूट जादा. एका कॉलमला २.८ घनफूट, बाराचे ३४ घनफूट काँक्रीट, म्हणजे जेमतेम एक घनमीटर, आठेक पोती सिमेंट. सळईचं वजन काढायला व्यासाचा वर्ग भागिले १६२ एवढं लक्षात ठेवा, मीटरला तेवढे किलो. १६ मिलीमीटरची सळई १.५८ किलो मीटरला. कॉलमला सहा सळया धरल्या तर रिंगांसकट ११ किलो, बाराचे १३०-१३५ किलो. खोदाई ६ बाय ६ च्या खड्ड्यांची ३ फूट, १३ ब्रास. यात पाणी उपसायचा पंप, सेंट्रिंग, पुन्हा भरणी सगळं घाला आणि तुमच्या गावच्या दराने ६०-७० हजारांच्या वर नेऊन दाखवा. १,६०,००० मध्ये आणखी काहीतरी आहे, किंवा काहीच नाही. सुधारित ड्रॉइंग मागा असं म्हणालो ते याचसाठी.

जाता जाता एक सल. काम द्यायच्या आधी जेसीबीने प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत आणि मध्ये एक, असे तीन खड्डे घेतले असते तर आठ फूट तेव्हाच कळलं असतं. अर्ध्या दिवसाचं भाडं लागलं असतं. सरकारी निविदेत दीड मीटरपर्यंतच्या खोदाईचा दर वेगळा आणि त्याखालचा वेगळा असतो, ते उगाच नाही.

*

ओसरी | १२ नोव्हेंबर, रात्री ९.१५

आमचं संगमेश्वरजवळ चिऱ्याचं घर, तीन वर्षांपूर्वीचं. सांगलीकडे माती खोल म्हणून खर्च, आमच्याकडे मातीच नाही म्हणून खर्च! विहिरीला चौदा फुटांवर कातळ लागला आणि कातळ फोडायचा ब्रेकर ताशी भाड्याने सुरू झाला. दुपारी जेवायला थांबलेला ब्रेकरसुद्धा बिलात चालूच असायचा.

तेव्हा माझ्या सासूबाईंनी एक केलं. दोनशे पानी वही आणली आणि साइटवर खुंटीला टांगली. चिऱ्याची गाडी आली, लिही. फुटके किती, लिही. ब्रेकर सुरू, बंद, वेळ लिही. मी “इथे एक कोनाडा काढा” म्हटलं की त्या म्हणायच्या, “आधी वहीत सांग.” संध्याकाळी आमचे मिस्त्री आणि त्या, दोघांची सही. पहिल्या आठवड्यात मिस्त्री रुसले. महिन्याभराने कोनाड्याचे पैसे मी विसरले होते, ते त्यांनीच वही उघडून दाखवले. मग ते वहीचे भक्तच झाले.

एक सांगू का? बायकांना ‘तुम्ही बदल फार करता’ म्हणतात. आमच्या घरात जिना दोनदा कुणी फिरवला ते वहीत आहे. माझं नाव नाही त्यात.

*

शून्य_सेटबॅक | १३ नोव्हेंबर, दुपारी १२.३०

ओसरीताई, वहीची कल्पना झकास. वाचनखूण साठवली.

काँट्रॅक्टर बाजूला ठेवला तरी फुटाच्या दरात काय काय नसतं ते लोकांना शेवटी कळतं. कंपाउंड भिंत आणि गेट नसतं. सेप्टिक टँक बहुतेक नसतो, जमिनीखालची टाकी नसते, बोअर नसतं. बांधकाम परवानगीच्या वेळी विकास शुल्क भरावं लागतं, ते कुणी आधी सांगत नाही. प्लॉट गुंठेवारीतला असेल तर आधी नियमितीकरण, त्याचे पैसे वेगळे. विजेचा खांब दारात आला असेल तर तो हलवायचा खर्च आपला. माझं ३० लाखांचं घर ३७ ला पडलं आणि माझं काँट्रॅक्टरशी एकदाही भांडण झालं नव्हतं!

*

कृष्णाकाठी | २३ नोव्हेंबर, रात्री ११.३०

अपडेट. उशीर झाला, पण गेले दोन शनिवार-रविवार मिरजेत होतो.

आधी फोनवर मी सांगितलं, “काळ्या मातीचं मला ठाऊक नव्हतं. तुमचा मुरूम खरा आहे. बाकीचं टेप लावून बघूया का?” पलीकडे दोन मिनिटं शांतता. मग ते म्हणाले, “या की. चहाला या.” मला वाटतं, अर्धं काम तिथेच झालं.

शनिवारी सकाळी साइटवर मी, आण्णा, काँट्रॅक्टर, त्यांचा मुकादम आणि आर्किटेक्ट. मामा पण आले, न बोलावता. मोजपट्टी काकांनी सांगितल्याप्रमाणे बेरीज झाकून ओळीओळीने गेलो.

पायात खरंच आणखी काही होतं. आठ फुटांवरचा थर पाहून आरसीसीवाल्याने फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा काँक्रीटचा चौथरा, साडेचारचं साडेपाच फुटी केलं होतं, १५ इंच जाडीचं. सुधारित ड्रॉइंग आर्किटेक्टच्या ऑफिसात होतं, माझ्या इमेलवरही आलं होतं म्हणे (आलं होतं. न उघडलेलं). बारा फुटिंगांचं १५० घनफूट जादा काँक्रीट आणि त्याची जाळी. सगळं धरून १,०५,००० वर ते आले. मी ९० हजार म्हणत होतो, आर्किटेक्टने १,०५,००० योग्य आहे म्हटल्यावर गप्प बसलो.

मुरूम २८ ब्रास धरला, ७२,८००. चार ब्रासवरून मुकादम अडून बसला. शेवटी दारात उभी असलेली ट्रॉली टेपने मोजली. ज्याला ते एक ब्रास म्हणत होते ती ८६ घनफूट भरली. मुकादम म्हणाला, “वर ढीग असतोय.” सगळेच हसले, तोही हसला.

एरियावर खरी लढाई. १६८ मधले ११० फूट पोर्चचे, बाकी ५८ छज्जे आणि जिन्यावरचं झाकण. छज्ज्यांवर मी हललो नाही. खिडकीवर छज्जा नसतो असं घर दाखवा म्हटलं. पोर्च तक्त्यात नाही हे मला नाकारता येईना, त्याला भिंती नाहीत हे त्यांना. अर्ध्या दराने, म्हणजे ९७५ ने, १,०७,२५० ठरले. आमच्या भागात पोर्च-बाल्कनीला अर्धा दर लावतात असं आर्किटेक्टचंही म्हणणं पडलं. आधी लिहिलं असतं तर एका ओळीचं काम होतं.

लाइटचे पॉइंट आण्णांनी खडूने नंबर टाकत मोजले, शाळेत पट मोजतात तसे. ९६ नाही, ८८ भरले. बोर्डावरचा सॉकेट आणि त्याचं बटण काही ठिकाणी वेगवेगळं धरलं होतं. कोटेशनमध्ये ६५ होते, म्हणजे २३ जादा, २०,७००. आईचे ३८,००० पूर्ण मान्य. भाववाढीला काळा_डगला यांचं जीएसटीचं वाक्य जसंच्या तसं टाकलं. ते म्हणाले, “राहू द्या ते.”

डायरीतल्या आण्णांच्या सह्या बघितल्या. चार ट्रॉल्यांच्या, एक वॉटरप्रूफिंगवाला येऊन गेल्याची आणि एक चक्क काँट्रॅक्टरच्या नातवाच्या शाळेच्या अर्जाच्या मसुद्याखाली. तो अर्ज आण्णांनीच लिहून दिला होता.

माझ्या बाजूने दोन गोष्टी मांडल्या. वरच्या खोलीत दोन भिंतींचा गिलावा ठोकला की पोकळ वाजतो, तो काढून परत करायचा. आणि गच्चीत तीन दिवस पाणी कोंडून बघायचं. गिलावा त्यांनी निमूट मान्य केला.

शेवटी राखून ठेवायच्या रकमेवरून फाटायची वेळ आली. मी पाच टक्के म्हटलं. “विश्वास नसेल तर राहू द्या,” म्हणून ते उठलेच. इथे मामा कामाला आले. म्हणाले, “अहो, विश्वास तुमच्यावर आहेच, पावसावर नाही.” एक लाख रुपये पुढच्या दसऱ्यापर्यंत राखायचे ठरले. पावसाळा गेला आणि गळलं नाही की ते द्यायचे. बाकीचे फरशी, दारं-खिडक्या, रंग, ताबा अशा चार टप्प्यांत. हे सगळं ५०० च्या स्टॅम्पपेपरवर, ‘करासह’ असा शब्द टाकून, दोघांच्या आणि आर्किटेक्टच्या सहीने केलं.

बेरीज मग उघडली. ३,४३,७५०.

*

कडप्पा | २४ नोव्हेंबर, सकाळी ७.०५

थांबा. ६,८६,७०० चे निम्मे किती होतात? ३,४३,३५०. म्हणजे मामा पहिल्या दिवशी बरोबरच सांगत होते की हो!

*

कृष्णाकाठी | २४ नोव्हेंबर, सकाळी ९.४०

हो. साइटवर हे सगळ्यात आधी मामांच्याच लक्षात आलं. मी म्हटलं, “मामा, तुम्ही ४०० रुपयांनी चुकलात.” तेव्हापासून बोलत नाहीयेत.

*

मोजपट्टी | २४ नोव्हेंबर, सकाळी १०.१५

मामांचं निम्मं आणि हे निम्मं एक नव्हे. त्यांच्या निम्म्यात भाववाढीचे २५ हजार होते, छज्ज्यांचे ५६ हजार होते आणि देवघराचे निम्मे पैसे बुडत होते. शिवाय पोकळ गिलावा भिंतीत तसाच राहिला असता. पण आकडा जुळला हे मात्र गमतीचं. माझ्या नोकरीत असं एकदाही झालं नाही.

*

सेंट्रिंगवाला | २४ नोव्हेंबर, रात्री ८.५०

माणसं आली का कामावर ते सांगा आधी.

*

कृष्णाकाठी | १ डिसेंबर, रात्री १०.२०

आली. आज फरशीची पहिली खोली झाली. ओसरीताईंची वही पण आणलीय, जिन्याखाली खिळ्याला टांगली आहे. पहिली नोंद आईची. हॉलच्या फरशीचा रंग बदललाय, फुटामागे १२ रुपये जादा. खाली आईची, मिस्त्रींची आणि तारखेसकट आण्णांची सही.